दोनशे मग, दिवाळीच्या आधी

गणपती उठले की बहुतेक कंपन्यांत एचआरची एक बैठक होते. विषय ठरलेला: यंदा दिवाळीला स्टाफला काय द्यायचं? सुक्या मेव्याचे डबे देऊन झाले, ट्रॉली बॅगा झाल्या, पॉवर बँक झाली, मध्यंतरी काही वर्षं नुसती गिफ्ट कार्डं वाटून झाली. मग कुणीतरी, बहुधा नुकतंच पाँडिचेरीला जाऊन आलेलं, म्हणतं की आपल्याच शहरात एक बाई स्टुडिओत हातानं फार छान मग करतात. दोनशे मग त्यांच्याकडून घेऊ या. कल्पना सगळ्यांना आवडते. फोन जातो. पलीकडून विचारलं जातं, "कधीपर्यंत हवेत?"

"दिवाळीच्या आधी."

"कुठल्या दिवाळीच्या?"

हा प्रश्न कुणाला खोचक वाटेल, पण तो अगदी सरळ आहे. मी या कल्पनेच्या बाजूचा आहे. कंपनीनं वर्षातून एकदा वाटायच्या वस्तू चीनहून आलेल्या खोक्यातून काढण्यापेक्षा गावातल्या भट्टीतून घ्याव्यात, असं मला मनापासून वाटतं. मात्र हाताची वस्तू निवडली की आपलं काम संपलं, उरलेलं पुण्य आपोआप जमा होतं, ही जी समजूत दिसते ती मला मान्य नाही. भेट चांगली की वाईट हे मगावरून ठरत नाही. ऑर्डर कधी दिली, पैसे कधी दिले, फुटलेल्याचा भुर्दंड कुणी सोसला आणि वाटपाच्या यादीत कुणाची नावं होती, यावरून ते ठरतं. म्हणजे तिचा निकाल खरेदी खात्याच्या कागदावर लागतो, आणि तो कागद कुणी नीट वाचत नाही.

आधी सगळ्यात खणखणीत आक्षेप घेऊ. कर्मचाऱ्याला मग कशाला हवा? त्याला पैसे द्या. घराचा हप्ता आहे, मुलांची फी आहे, गावाकडे पाठवायचे आहेत. तुमच्या मातीच्या कलेचं त्यानं काय करायचं? हा आक्षेप उडवून लावता येत नाही, कारण आपल्याकडे दिवाळीच्या पैशांसाठी माणसं रस्त्यावर उतरलेली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी काही वर्षं बोनस दिला, आणि १९२३ सालचा बोनस नाकारला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला गिरणगावात मोठा संप झाला. मालकांचं म्हणणं असं की बोनस ही आमची खुशी. कामगारांचं म्हणणं असं की तो आमच्या मजुरीचाच मागे राहिलेला भाग. सरकारनं नेमलेल्या समितीनं त्या वेळी कामगारांचा कायदेशीर हक्क मानला नाही. तो मानला जायला पुढे चाळीस वर्षं लागली. १९६५ च्या बोनस कायद्यानं पात्र कामगारांसाठी किमान चार टक्के ठरवून दिले, पुढे दुरुस्ती होऊन ते ८.३३ टक्के झाले. म्हणजे मालकाच्या मर्जीतून हक्काकडे येण्याचा तो रस्ता भांडून काढलेला आहे. आता त्याच रस्त्यानं उलटं जाऊन कुणी सुंदर वस्तूच्या आडून बोनसला कात्री लावत असेल, तर त्या मगात चहा सोडून काहीही ओतावं.

तेव्हा क्रम साधा आहे. आधी पगार वेळेवर, मग बोनस पुरता, आणि त्याच्यानंतर भेट. हा क्रम पाळला तर मात्र भेटीला पैशाच्या मापानं मोजायचं कारण उरत नाही. गिफ्ट कार्ड म्हणजे पैसेच, फक्त कुठल्या दुकानात खर्च करायचे ते बजावून सांगितलेले. ते कुणाला आठवतही नाही. पोस्टमन, पेपरवाला, कामाच्या मावशी यांना आपण दिवाळीची पोस्त रोख देतो आणि ते योग्यच आहे. पण जवळच्या माणसाला आपण पाकीट देऊन थांबत नाही, काहीतरी वस्तू शोधतो. कंपनी आणि कर्मचारी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. तिथे एखादी रोज हाताळायची, बरी दिसणारी, टिकाऊ वस्तू शोभते.

आता 'स्थानिक कुंभार' म्हणजे नेमकं कोण, हे पाहू. इथे दोन वेगळी जगं आहेत आणि कंपन्या त्यांची गल्लत करतात. एक जग धारावीच्या कुंभारवाड्याचं. तिथली बरीच कुटुंबं मूळची सौराष्ट्राकडची. पिढ्यान्‌पिढ्या चाकावर बसणारी, पणत्या आणि कुंड्या ढिगानं काढणारी. गावोगावचे आपले कुंभारही याच जगातले: संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, नवरात्रात घट, लग्नात बोळकी, आणि शेवटी खांद्यावरून न्यायचं मडकंसुद्धा. दुसरं जग स्टुडिओ पॉटरीचं. कला महाविद्यालयातून किंवा एखाद्या गुरूकडून शिकलेली, गॅसची किंवा विजेची भट्टी असलेली, स्टोनवेअरचं काम करणारी मंडळी. पहिल्या जगात पणती काही रुपयांना जाते, दुसऱ्यात मग काही शेकड्यांना. या दोन्हींमधली भिंत अगदीच पक्की आहे असंही नाही. भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित बिहारमधल्या कुंभार घरात जन्मले, स्टुडिओ पॉटरीत नाव कमावलं आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी गांधीविचारातून ग्रामोदय संघ उभा केला. गावच्या कुंभाराला चिनी मातीचं तंत्र यावं आणि त्यावर त्याचं पोट भरावं, हाच त्यामागचा विचार. पण अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

कंपनीचा फोन जवळजवळ नेहमी दुसऱ्या जगात जातो, कारण तिथे इन्स्टाग्राम आहे आणि इंग्रजी आहे. त्यात गैर काही नाही. स्टुडिओतल्या बाईंचंही पोट त्यावरच चालतं, आणि वर्षातल्या दोन-तीन प्रदर्शनांवर भाडं निघत नाही. फक्त मग स्टुडिओतून घ्यायचे आणि सोबतच्या पत्रकात 'शतकानुशतकांच्या ग्रामीण परंपरेला हातभार' असं छापायचं, हे करू नये. परंपरेला हातभार लावायचाच असेल तर ऑर्डरीत पणत्या आणि बोळकी करणाऱ्याचंही काम हवं, आणि त्याचा दर त्याच्याशी बसून ठरवायला हवा.

बारा बलुतेदारांच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांसाठीही एक शब्द. कुंभाराला खळ्यावर धान्य मिळायचं, वर्षभर तो गावाला भांडी पुरवायचा. व्यवहार नात्याचा होता, पैशाचा नव्हता, असं सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. त्या नात्यात भाव ठरवायचा अधिकार कुंभाराला नव्हता, आणि धंदा बदलायचा तर त्याहून नव्हता. जात त्याला चाकाला बांधून ठेवत होती. आज कुणी कुंभार नमुना दाखवून दर सांगतो, ऍडव्हान्स मागतो आणि जमणार नसेल तर "नाही जमणार" म्हणतो, तेव्हा ते बलुत्यापेक्षा कितीतरी बरं आहे. कंपनीनं त्याच्याशी नातं जोडण्याच्या भानगडीत पडू नये, स्वच्छ व्यवहार करावा.

स्वच्छ व्यवहार करायचा तर वस्तू कशी होते हे निदान एकदा पाहावं. एक मग घेऊ. माती आधी मळावी लागते. आत हवा राहिली तर पुढे फुगा येतो. गोळा चाकाच्या मध्यावर बसवायचा, तो डगमगेनासा झाला की अंगठ्यानं खोल करायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांत भिंत धरून वर ओढायची. एवढं सरावलेल्या हाताला काही मिनिटांचं काम. लोक व्हिडिओत हेच बघतात आणि मग झाला असं समजतात. खरं काम यानंतरचं. मग अर्धवट सुकून चामड्यासारखा कडक झाला की उलटा करून बूड कोरायचं. कान वेगळा ओढून, जोडाच्या जागा ओरखडून, पातळ चिखल लावून चिकटवायचा. आता भिंत आणि कान एकाच वेगानं सुकले पाहिजेत. कान पातळ, तो आधी सुकतो, आकसतो आणि जोडावर तडकतो. म्हणून वर प्लास्टिक टाकायचं, रोज थोडं उघडायचं, पुन्हा झाकायचं. ओल्या मातीपासून पक्क्या भाजणीपर्यंत स्टोनवेअरची वस्तू साधारण दहा-बारा टक्के आकसते. पूर्ण सुकल्यावर पहिली भाजणी, मग ग्लेझमध्ये बुडवणं, बुडाचं ग्लेझ पुसून काढणं, नाहीतर मग भट्टीच्या फळीलाच चिकटतो. मग दुसरी भाजणी, १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान. आणि भट्टी बंद केल्यावरही घाईनं उघडायची नाही. तशीच निवू द्यायची, नाहीतर गार हवेच्या झोतानं तडे जातात.

यातल्या कुठल्याही पायरीवर माल जातो. म्हणून दोनशे हवे असतील तर शहाणा माणूस दोनशेच करत नाही, चाळीसेक जास्त धरतो. ते जास्तीचे मग कुणाच्या पैशांनी होतात, हा प्रश्न कोटेशन मागणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही.

आणि पाऊस. फोन येतो भाद्रपदात. मुंबई-कोकणात त्या हवेत माती सुकायला तयार नसते. पुण्यातही दोन दिवसांची वाळवण आठवड्यावर जाते. गावचा कुंभार तर आणखी अडकलेला. त्याचा आवा उघड्यावर, भर पावसात तो पेटत नाही. श्रावण-भाद्रपदात अनेक घरांत गणपतीचं काम, ते संपेपर्यंत घट, घट संपेपर्यंत पणत्या. दिवाळीच्या तोंडावर त्याला दोनशे वस्तूंची नवी ऑर्डर देणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी आचाऱ्याला दुसऱ्या लग्नाचं आमंत्रण. दिवाळीसाठी मातीची वस्तू हवी असेल तर बोलणी होळीच्या सुमाराला व्हायला हवीत, नमुना चैत्रात, आणि निम्मा माल मृगाआधी सुकलेला. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी दिवाळीचा हट्ट सोडावा. गुढीपाडव्याला द्या, कंपनीच्या वर्धापनदिनाला द्या. मेव्याचा डबा दिवाळीलाच लागतो, मग लागत नाही.

एक गोष्ट मात्र कुंभारांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही ऐकवली पाहिजे. हल्ली हाताच्या कामाचं कौतुक करताना 'प्रत्येक वस्तू वेगळी, एकमेवाद्वितीय' असा घोष चालतो, आणि त्यामुळे मोठी ऑर्डर म्हणजे कलेचा अपमान असा एक सूर निघतो. मला तो खोटा वाटतो. बर्नार्ड लीच या कुंभारानं १९२० मध्ये इंग्लंडात सेंट आइव्हजला हामादा शोजीच्या मदतीनं भट्टी उभारली. त्याच्या नावानं आज लिलावात बरण्या विकल्या जातात, पण त्याच्या कार्यशाळेचा संसार चालला तो वाट्या, जग, मग अशा ठरावीक मापाच्या, कॅटलॉगमधून विकलेल्या रोजच्या भांड्यांवर. जपानमध्ये यानागी सोएत्सु या विचारवंतानं तर उलटंच मांडलं: ज्याचं नाव कुणाला माहीत नाही अशा कारागिरानं तीच वस्तू पुन्हापुन्हा करावी, त्यातूनच हाताला ती सहजता येते जी मुद्दाम केलेल्या कलाकृतीत सापडत नाही. आपल्या कुंभाराला हे कुणी सांगायला नको; दिवसाकाठी शेकड्यांनी पणत्या काढणाऱ्याच्या बोटांत ती असतेच. दोनशे सारखे मग करणं हे कुंभाराचं मूळ काम आहे. त्यानं ते आनंदानं घ्यावं, आणि माप, वजन, कानात किती बोटं जातात हे नेमकं पाळावं. 'हाताचं आहे' ही सबब गळक्या मगाला चालत नाही. ग्लेझ खाण्यापिण्याला सुरक्षित आहे की नाही, त्यात शिसं आहे का, हे विचारायचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे आणि उत्तर लेखी मागावं.

संख्येला मर्यादा मात्र आहे. २००४ मध्ये लालूप्रसाद रेल्वेमंत्री झाले आणि स्थानकांवर कुल्हडमधून चहा द्यायचा हुकूम निघाला. हेतू चांगलाच होता: प्लास्टिक जाईल, गावोगावच्या कुंभाराला काम मिळेल. काही वर्षांत बहुतेक ठिकाणी कागदी पेले परत आले. पुरवठा, किंमत, फुटतूट, हुकूम काढणाऱ्यानं यांतलं काहीच कुंभाराबरोबर बसून ठरवलेलं नव्हतं. दोनशे माणसांच्या कंपनीला जे साधेल ते वीस हजारांच्या कंपनीला एका भट्टीतून साधणार नाही. तिनं दहा भट्ट्यांकडे जावं, प्रत्येक शाखेनं आपल्या गावचा माणूस शोधावा, आणि नागपूर व नाशिकच्या मगांचा रंग जुळत नाही म्हणून कपाळाला आठ्या घालू नयेत.

आता तो कागद. खरेदी खातं पहिल्यांदा मागतं तीन कोटेशनं, मग व्हेंडर नोंदणी, मग जीएसटी क्रमांक. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. बहुतेक कुंभार या मर्यादेच्या फार खाली. तरी क्रमांक नाही म्हणून नकार मिळतो. कारण विचारलं तर सांगतात, इनपुट क्रेडिट मिळत नाही. गंमत अशी की भेट म्हणून वाटलेल्या मालावर ते क्रेडिट जीएसटी कायद्यानं तसंही मिळत नाही. म्हणजे जे मिळणारच नाही त्यासाठी कुंभाराला दारातून परत पाठवायचं आणि नोंदणी असलेल्या दलालाकडून तेच मग चढ्या भावानं घ्यायचे. हे मी पाहिलेलं आहे, आणि दलालानं ते त्याच कुंभाराकडून उचलले होते.

पुढचा मुद्दा पैशांचा. कंपनीची रीत 'माल मिळाल्यावर साठ दिवसांनी' अशी असते. कुंभाराचा खर्च मात्र आधी: माती, ग्लेझचा कच्चा माल, गॅस, मदतनीसाची मजुरी. दोनशे मगांची ऑर्डर उधारीवर घेणं म्हणजे कुंभारानं कंपनीला बिनव्याजी कर्ज देणं. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. आणि आयकर कायद्यातल्या अलीकडच्या तरतुदीनं वेळेत न दिलेला असा खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरता येत नाही. तेव्हा स्टुडिओवाल्यांनी आणि कुंभारांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी, फुकट असते. पण कायद्याचा धाक दाखवायची वेळच का यावी? निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, उरलेले माल हातात पडल्या दिवशी. एवढ्या रकमेनं कुठली कंपनी बुडत नाही. वाहतुकीत फुटलेले मग कुणाचे, हेही आधीच लिहावं, आणि वाहतूक कंपनीची असेल तर ते कंपनीचे.

मग येतो लोगो. यावर माझं मत टोकाचं आहे: लोगो नको. आपल्या घरातली स्टीलची भांडी आठवा. प्रत्येक पातेल्याच्या काठावर मशीननं कोरलेलं नाव, तारीख, कुणाकडून सप्रेम भेट. ती नावं माणसांची असतात, आत्याची, मामाची, म्हणून पन्नास वर्षांनीही कुणी ती वाचतं. कंपनीचा लोगो असलेला मग घरी पाहुण्यांपुढे कुणी ठेवत नाही. तो ऑफिसच्या टेबलावर पेनं ठेवायला जातो. नाव घालायचंच असेल तर कुंभाराचं घाला, बुडाला, त्याचा शिक्का. आणि वाटणाऱ्यानं एक चिठ्ठी जोडावी: वस्तू कुठे झाली, कुणी केली, मायक्रोवेव्हमध्ये चालते का, गॅसवर ठेवायची नाही. बस.

मगच का, हाही प्रश्न आहे. बहुतेक मराठी घरांत चहा अजून कपातच होतो आणि तोही लहान. आमटीची वाटी, दही लावायचं भांडं, लोणच्याची छोटी बरणी: यांना घरात जागा मिळेल. चिनी मातीच्या बरण्या आपल्या आज्यांनी जपून वापरल्या, प्लास्टिकनं त्या बाद केल्या. दोनशे झाकणाच्या बरण्यांची ऑर्डर पाहून कुंभार थोडा कुरकुरेल, झाकण बसवणं कटकटीचं असतं, पण करेल. आणि फुटण्याची भीती? स्टील आयुष्यभर टिकतं म्हणून आपण त्यावर विश्वास टाकला, तो योग्यच आहे. सगळ्यांनाच मातीचं आवडेल असंही नाही. नको असेल त्याला तेवढ्याच किमतीचं दुसरं काही घेता यावं, आणि ते मागताना ओशाळं व्हायला लागू नये.

शेवटी यादी. दिवाळीच्या वाटपात सगळ्यात खोटं काही असेल तर ती यादी. कंपनीच्या पटावरचे सगळे आले, वरच्या पदांना मोठा खोका, खालच्यांना लहान. दारावरचा सुरक्षारक्षक, शौचालय साफ करणाऱ्या मावशी, कँटीनमधली पोरं, हे ठेकेदाराचे, म्हणून यादीत नाहीत. त्यांना जमलं तर मिठाईचा पुडा. हाताच्या कष्टाचा सन्मान म्हणून आणलेला मग हातानं कष्ट करणाऱ्यांनाच मिळत नाही, आणि हे कुणाला खटकत नाही. तुमच्या कंपनीत ही यादी तुमच्या हातात असेल, तर ती लिहायला ठेकेदाराच्या माणसांपासून सुरुवात करा, सगळ्यांना एकच वस्तू द्या, आणि पैसे कमी पडत असतील तर साहेबांची नावं खालून कापा.